झाकून गार केलेलं निकेल

आमच्या विभागात सगळे फेराईट करायचे, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेला चुंबकी पदार्थ. आमच्या शहरात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणारं कुणी भेटलं की 'विषय काय' असं विचारायची गरज नसते, 'फेराईट कोणतं' एवढंच विचारायचं. भुकटी घोटायची, दाबून तिची गोळी करायची, गोळी भट्टीत भाजायची आणि मग भट्टी आपसूक गार होईपर्यंत तिच्याकडं बघायचंसुद्धा नाय. घाईनं झाकण उघडलं की गोळीला तडा जातो, आणि गोळीला तडा गेला की आमच्या सरांचं डोकं सटकायचं. सरांनी भट्टीच्या वर भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'गार होईपर्यंत हात लावायचा नाय.' मध्ये भिंतीला रंग दिला तेव्हा ते पुसलं गेलं. विभागातल्या शिपायानं, म्हणजे आमच्या मामांनी, रंग वाळताच त्याच जागी तेच पुन्हा लिहिलं.

मी सरांची शेवटची विद्यार्थिनी. सर निवृत्त झालेले, पण मी शिल्लक होते म्हणून रोज रिक्षानं विभागात यायचे. माझ्याआधीची सगळी पोरं शहाणी होती, त्यांनी फेराईट केलं आणि नोकऱ्यांना लागली. मी आले तेव्हा सर नुकतेच कुठल्याशा परिषदेहून परतले होते. तिथं चहाच्या वेळी एका तरुण प्राध्यापकानं त्यांना हसत सांगितलं होतं, "सर, ग्राफीनबिफीन तुमच्याकडं नाही व्हायचं, तुम्ही आपलं फेराईट भाजा." सरांनी चहा पूर्ण प्यायला, कप ठेवला, परत आले आणि मला म्हणाले, "पोरी, फेराईट सोड. आपण ग्राफीन करू."

मला काय, मी नवीन होते. मी म्हणाले, "व्हय सर."

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा थर. त्याचे थरावर थर रचले की पेन्सिलीतलं ग्रॅफाइट होतं. ते धातूवर वाढवायची रीत ऐकायला सोपी आहे. निकेलचा पातळ पत्रा नळीच्या भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचा आणि कार्बनची वाफ त्याच्यावरून सोडायची. तापलेलं निकेल कार्बन पोटात घेतं. मग गार होऊ लागलं की तेवढा कार्बन त्याच्या पोटात मावत नाही, आणि तो पृष्ठभागावर येऊन बसतो. मोरांब्याचा पाक गार झाल्यावर बरणीच्या कडेला साखरेचे खडे धरतात, तसंच. एवढंच. हे एवढंच करण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली.

त्याच सुमारास सरांच्या डोळ्यांचं निघालं. साखरेचा आजार जुनाच होता, आता त्यानं डोळ्याचा पडदा धरला. डॉक्टरांनी सांगितलं की आहे तेवढं टिकवायला बघू, गेलेलं परत येणार नाही. सरांची मधली नजर आधी गेली, कडेची राहिली. त्यामुळं तुमचं तोंड बघायचं असलं की ते तुमच्या कानाकडं बघायचे. नवीन माणूस गोंधळून मागं वळून बघायचा, मागं कोण उभंय म्हणून. आम्हाला सवय झाली होती. ते माझ्या डाव्या कानाला रागवायचे आणि मी ऐकून घ्यायची.

एक दिवस ते त्याच कानाला म्हणाले, "हे बघ, मला आता दुसरं काही नको. इथं, या भट्टीत झालेलं ग्राफीन मला या डोळ्यांनी बघायचंय. मग डोळे गेले तरी जाऊ दे."

मी म्हणाले, "सर, जगातली सगळ्यात पातळ वस्तू आहे ती. धडधाकट डोळ्यांना दिसत नाय."

"मग मायक्रोस्कोप काय पूजेला ठेवलाय?"

झालं. तेव्हापासून माझी पीएच.डी. गेली चुलीत. रोज सकाळी मी पहिल्यांदा सरांचे डोळे बघायची, आज किती शिल्लक आहेत म्हणून. जिना चढताना ते कठड्याला हात लावतायत का, चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवतायत का. आणि मग भट्टी लावायची.

कार्बनच्या वाफेसाठी मिथेनचा सिलिंडर लागतो. तो येणार होता. विभागात काही गोष्टी कायम येणारच असतात. शेवटी सर म्हणाले, "कापूर घे. कापरात कार्बनच कार्बन आहे. लोकांनी करून बघितलंय." आमच्या घरात कापूर कधी आला नव्हता. बुद्धवंदनेला आम्ही मेणबत्ती लावतो, अगरबत्ती लावतो, कापराचा संबंध नाही. मी गुलमंडीवर गेले आणि पूजेच्या दुकानात भीमसेनी कापूर मागितला. दुकानदार भला माणूस, पुडी बांधता बांधता म्हणाला, "कशाची पूजा आहे ताई?"

मी म्हणाले, "निकेलची."

"अच्छा अच्छा," म्हणाला आणि वर दोन उदबत्त्या दिल्या.

आई सोयगावची. वडील शेंद्र्याला कंपनीत लागले म्हणून आम्ही चिकलठाण्यात राहायला आलो, पण आई बोलण्यानं अजून सोयगावातच आहे. तिला माझं काम एकदा नीट समजावून सांगितलं. वाफ सांगितली, निकेल सांगितलं, वर येऊन बसणारा कार्बन सांगितला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी काजळी."

"काजळी नाय गं आई."

"काळी असती ना?"

"एक थर असला तर दिसत पण नाय."

"आमचा जन्म गेला भांड्याची काजळी घासण्यात, अन तू काजळी धरायला इतकी शिकली," ती म्हणाली. "अन तीबी न दिसणारी." शेजारच्या बायांना मात्र तिनं लेक दिल्लीच्या कामात आहे असं सांगितलं होतं. दिल्ली कुठून आली ते मी विचारलं नाही.

भट्टी चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमधून सरांच्या नकाशाप्रमाणं बनवून घेतलेली होती. वरचा अर्धा भाग पेटीच्या झाकणासारखा उघडायचा, मध्ये क्वार्ट्झच्या काचेची नळी. नळीच्या एका तोंडाला कापराची डबी, मध्ये निकेल. आर्गॉन वायू कापराची वाफ घेऊन निकेलवरून जायचा. तापवून झालं की भट्टी बंद करायची, आणि मग आम्ही आमच्या धर्माप्रमाणं वागायचो. हात लावायचा नाय. झाकण बंद. घरी जायचं. सकाळी येऊन नमुना काढायचा.

सकाळी निकेलवर काळंभोर ग्रॅफाइट. दर वेळी. जाड, चकचकीत, बोट लावलं की बोट काळं. मी नमुने पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लेझरच्या तपासणीला पाठवायची, थर किती आहेत ते तिथं कळायचं. उत्तर यायचं, थर मोजण्यापलीकडं आहेत. एकदा तिथल्या मुलीनं फोन करून विचारलं, "मॅडम, तुम्ही पेन्सिलच्या कंपनीतून बोलताय का?" मी फोन ठेवला आणि कँटीनमध्ये जाऊन दोन वडापाव खाल्ले. राग आला की मला भूक लागते.

आम्ही कापूर कमी केला. तापमान बदललं. पत्रा बदलला, पत्रा घासला, पत्रा धुतला. सर म्हणायचे, "निकेल अशुद्ध असेल." सर म्हणायचे, "कापरात भेसळ असेल." त्या भल्या दुकानदाराला मी जाऊन ऐकवून आले. त्यानं मला देवाच्या शपथेवर सांगितलं की कापूर एक नंबर आहे, आणि पुन्हा दोन उदबत्त्या दिल्या. दरम्यान सर कठड्याला हात लावून जिना चढू लागले होते.

खरं काय चुकतंय ते मला एका दुपारी कळलं, आणि कळल्यावर इतका संताप आला की स्वतःलाच एक ठेवून द्यावीशी वाटली. बाहेरच्या लोकांचे सगळे लेख मी वाचले होते. सगळ्यांनी गार करण्याचा वेग दिलेला होता. तो वेग मी वहीत उतरवला होता, त्याच्याखाली रेघ मारली होती आणि रोज भट्टी झाकून घरी जात होते. हळू गार केलं की आतला सगळा कार्बन निवांत वर येतो आणि थरावर थर बसतात. एकदम गार केलं तर तो आतच अडकतो, वर काहीच येत नाही. मधल्या वेगानं केलं तर थोडाच वर येतो. आणि आम्ही निकेलला फेराईटच्या गोळीसारखं जपत होतो. ही चूक पुण्यात कुणी केली नसती, मुंबईत नसती केली. त्यासाठी आमच्याच विभागात शिकायला पाहिजे.

मी सरांना सांगितलं, "सर, लाल असतानाच झाकण उघडायचं."

सर माझ्या कानाकडं बघत राहिले. मग भिंतीकडं हात केला. "ते वाच."

"वाचलंय सर. ते गोळीसाठी आहे. निकेलला तडा जात नाय."

"भट्टीला जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे?" सरांचा आवाज चढला. "बाई, भट्ट्यांपुढं माझी हयात गेली. कुणी तापलेली उघडली नाय. मी नाय उघडली, माझ्या गुरूंनी नाय उघडली."

"म्हणूनच तुम्हाला ग्रॅफाइट मिळतंय," मी म्हणाले. "असंच झाकून ठेवा अन डोळे जायची वाट बघा."

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडातून निघून गेलं. सरांनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेले, चौकट हातानं चाचपली आणि तिथूनच म्हणाले, "उघड. मला बघवणार नाय, मी कँटीनला बसतो."

मे महिना होता. मी हातमोजे घातले आणि झाकण वर केलं. नळी लालभडक. चटका तोंडावर आला तशी मी मागं सरले. मामा खोलीच्या दारात उभे होते. उन्हाळ्यात विभागात जे काही तापेल त्याच्याकडं मामा कूलरचं तोंड फिरवायचे. माणूस असो, पंप असो, एकदा चिडलेल्या विभागप्रमुखांकडंही फिरवला होता. त्यांनी नळी बघितली, "आयला, लईच तापली बिचारी," म्हणाले आणि कूलर ओढत आणून तिच्याकडं तोंड करून चालू केला. मी ओरडले, "मामा, नाय!" तोवर पाण्याचे तुषार नळीवर चर्रकन वाजत होते. क्वार्ट्झ असल्या हालांना दाद देत नाही, तडकत नाही, हे मी वाचलेलं होतं. मामांनी वाचलेलं नव्हतं, तरी नळी तडकली नाही. लाल रंग उतरत गेला, आणि कूलर मी बंद केला नाही.

नमुना काढला तर निकेल जसंच्या तसं. चांदीसारखं स्वच्छ. मला वाटलं वाया गेला. तरी पुण्याला पाठवला. त्या मुलीचा फोन आला, आणि या वेळी ती पेन्सिलीचं काही बोलली नाही. म्हणाली, "मॅडम, हे कसं केलं तुम्ही? मध्यभागी एक थर, कडेला दोन-तीन. खूप सुंदर आलंय."

मी म्हणाले, "कूलरनं."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. पुढं प्रबंधात मी ते नीट लिहिलं, कूलर किती अंतरावर आणि कितव्या नंबरवर, सगळं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रबंध नव्हता. नमुना परत आल्याबरोबर त्यावरचं ग्राफीन सोडवून सिलिकॉनच्या तुकड्यावर घेतलं, कारण तिथं मायक्रोस्कोपखाली त्याची किंचित जांभळट झाक दिसते. जपून, श्वास धरून. तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला, फोकस केला. दिसत होतं. एका बाजूला मोकळा सिलिकॉन, दुसऱ्या बाजूला त्याहून एक छटा गडद जागा, आणि मध्ये वेडीवाकडी कड. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. मामांनी पेढे आणायला पैसे मागितले.

सर आले. नवा शर्ट घालून आले होते. खुर्ची ओढून बसले आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

आता मायक्रोस्कोप ही वस्तू मधल्या नजरेची. कानाकडं बघून चेहरा बघता येतो, पण त्या बारक्या भोकातून तिरकं काय बघणार? सरांनी उजवा डोळा लावला. मग डावा लावला. मान वाकडी केली, चष्मा काढला, पुन्हा घातला. मी म्हणत होते, "सर, डावीकडं फिकट आहे, उजवीकडं जरा गडद, मध्ये कड आहे." ते म्हणाले, "हां." मी उजेड वाढवला. मोठ्या पडद्यावर लावून दाखवलं, पण ती छटा मुळातच इतकी हलकी की पडद्यावर पुसूनच गेली. मामा पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते आणि पुडा उघडावा की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं सर मायक्रोस्कोपपासून दूर झाले. "झालंय ना पण?" म्हणाले. "नक्की झालंय?"

"झालंय सर. तपासणीत आलंय."

"मग बास," सर म्हणाले. "लई चांगलं केलं." एक पेढा घेतला, खाल्ला नाही, रुमालात बांधला आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन केला तर काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, म्हणाल्या, बरे आहेत, पडून आहेत, बोलत नाहीत. मला कुणावर चिडावं तेच कळेना. ग्राफीनवर चिडले. हा काय पदार्थ आहे का? सगळ्या जगात त्याचं कौतुक, आणि केलं तर दिसत नाही, दिसलं तर ते नाही. इतके दिवस जे काळं, जाड, टाकाऊ निघत होतं ते सरांना रस्त्यापलीकडूनसुद्धा दिसलं असतं.

हे डोक्यात आलं आणि मी तिथंच थांबले.

मग मी कापूर दुप्पट घेतला. निकेल लावलं, भट्टी तापवली, बंद केली आणि झाकण उघडलं नाही. मामा कूलर ओढत घेऊन आले होते, त्यांना म्हणाले, "आज नाय मामा." त्यांनी भिंतीवरचं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि कूलर परत नेला. दुसऱ्या दिवशी भट्टी पार गार झाल्यावरच नमुना काढला. इतका काळा, इतका वाईट नमुना माझ्या हातून आजवर निघाला नव्हता. मी काकूंना फोन केला आणि सांगितलं की सरांना पाठवा, नाही आले तर मी घरी येऊन भांडेन.

सर आले. जुन्याच शर्टात. मी त्यांना खिडकीपाशी उन्हात बसवलं आणि पत्रा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मान वळवून, जणू खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघतायत असं, हाताकडं बघितलं. बघत राहिले. मग अंगठा घासला. अंगठा काळा झाला.

"हे ग्रॅफाइट आहे," सर म्हणाले.

"व्हय सर."

"झाकून गार केलंस?"

"झाकून. हात लावला नाय."

"मग हे कशाला दाखवतीस मला? एवढं शिकून पुन्हा पेन्सिल केलीस, गधडे?" आवाजात पहिला जोर आला होता, आणि तो ऐकून मला आतून बरं वाटलं.

मी म्हणाले, "सर, ग्रॅफाइट म्हणजे ग्राफीनचे थर ना?"

"मग?"

"मग सगळ्यात वरचा थर कोणता? जो हवेला लागलाय तो? तो एकच आहे ना? खालचे मोजू नका. वरचा तेवढा बघा."

सर चूक शोधू लागले. तोंडी परीक्षेत एखाद्या पोरानं आगाऊ उत्तर दिलं की शोधायचे तशी. मला माहीत होतं की हे उत्तर कुठल्याही परीक्षकासमोर टिकणार नाही. त्यांनाही माहीत होतं. त्यांनी पत्रा उन्हात जरा तिरका केला, तशी त्या काळ्यावर एक चकाकी इकडून तिकडं सरकली. सरांची मान तिच्यामागं सरकली. पुन्हा तिरका केला. पुन्हा सरकली.

"हां," ते अगदी हळू म्हणाले. "वरचा. दिसला."

मग कितीतरी वेळ पत्रा तिरका करत बसले होते.  मामा चहा घेऊन आले आणि सवयीनं सरांच्या उजव्या बाजूला कप ठेवला. सरांनी तो काळा झालेला उजवा अंगठा बाकीच्या बोटांपासून दूर धरला होता. कप त्यांनी डाव्या हातानं चाचपून उचलला.